‘पुतक’, ‘पुसतक’, ‘पुस्तक’ : मागे पडलेल्या मुलाची प्रगती कशी ओळखावी?

पहिल्या सत्राचे निकाल हाती आल्यानंतर आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा सूर एकच आहे : मूल कष्ट करते आहे, पण गुणांत काही दिसत नाही. त्यांतील पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझा मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीत आहे. जूनपासून मी रोज संध्याकाळी त्याचे वाचन आणि श्रुतलेखन घेते. तरी तो अजून अडखळतो आणि श्रुतलेखनात दहापैकी दोन-तीन शब्दच बरोबर येतात. तिसरीच्या मुलाने मिनिटाला साठ शब्द वाचले पाहिजेत, असे पालकसभेत सांगितले. मी जे करते आहे त्याचा उपयोग होतो आहे का? – एक आई, फलटण

उपयोग होतो आहे की नाही, हे बरोबर आलेल्या शब्दांत शोधू नका. चुकलेल्या शब्दांत शोधा. जूनमधली श्रुतलेखनाची पाने काढा आणि या आठवड्यातल्या पानांशेजारी ठेवा. समजा, जूनमध्ये त्याने ‘पुस्तक’ हा शब्द ‘पुतक’ असा लिहिला होता आणि आता तो ‘पुसतक’ असा लिहितो. दोन्ही वेळा लाल फुलीच पडणार आणि दोन्ही वेळा गुण शून्यच मिळणार. पण पहिल्या वेळी जोडाक्षरातला ‘स’ त्याच्या कानाला वेगळा जाणवलाच नव्हता, आणि आता तो जाणवतो, इतकेच नव्हे तर तो कोठे येतो हेही त्याला ठाऊक आहे. अर्धा ‘स’ पुढच्या ‘त’ला जोडून लिहिण्याचे तंत्र तेवढे राहिले आहे, आणि ते सरावाने येते. त्याचप्रमाणे ‘पाणी’ऐवजी पूर्वी ‘पण’ लिहिणारा मुलगा आता ‘पाणि’ लिहीत असेल, तर काना आणि वेलांटी या दोन्ही गोष्टी त्याच्या हाती आल्या आहेत. ऱ्हस्व-दीर्घाची चूक तर शिकलेली मोठी माणसेही करतात. तिच्यासाठी तिसरीतल्या मुलाला आज रागावण्याचे कारण नाही.

वाचनातही अशाच खुणा असतात. ‘क… म… ळ…’ अशी सुटी अक्षरे म्हणून पूर्वी तो तेथेच थांबत असेल आणि आता क्षणभर थांबून ‘कमळ’ असा सलग शब्द म्हणत असेल, तर अक्षरे जोडून शब्द करण्याची क्रिया सुरू झाली आहे. याहून मोठी खूण म्हणजे स्वतःची चूक स्वतः सुधारणे. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ या सारख्या दिसणाऱ्या अक्षरांत मुलांचा घोटाळा होतोच. ‘मुलगी धरी गेली’ असे वाचून मूल अडले, मागे गेले आणि ‘घरी गेली’ असे म्हणाले, तर त्याचा अर्थ ते वाचताना अर्थाकडे लक्ष देते आहे. अडखळण्याच्या सगळ्या प्रकारांत मी या अडखळण्याला सर्वांत जास्त किंमत देतो. म्हणून तो चुकला की लगेच दुरुस्ती करू नका. मनात तीनपर्यंत आकडे मोजा आणि तो स्वतः मागे जातो का, ते पाहा.

साठ शब्दांचा आकडा २०२१ साली सुरू झालेल्या निपुण भारत या केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानातला आहे आणि तो अर्थ समजून केलेल्या वाचनासाठी, तिसरीच्या अखेरीस गाठायचा आहे. वेग सर्वांत शेवटी येतो. आज घड्याळ लावून त्याला वाचायला बसवलेत, तर तो मागे जाऊन चूक सुधारणे सोडून देईल आणि जे नुकतेच उमलू लागले आहे तेच थांबेल.

प्रश्न : माझी नात दुसरीत आहे. हातच्याच्या वजाबाकीत ती दोन महिन्यांपूर्वी जे चुकीचे उत्तर काढत होती, तेच आजही काढते. ५२ वजा २७ म्हटले की उत्तर ३५. मग ती शिकली काय? – एक आजोबा, नाशिक

आजोबा, तिला ती वजाबाकी मोठ्याने बोलत करायला सांगा, कारण ३५ हे उत्तर दोन अगदी वेगळ्या वाटांनी येते. काही मुले लहान अंक मोठ्या अंकातून वजा करून मोकळी होतात : सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. येथे दशक सुटा करण्याची कल्पनाच मुलाला नाही. काही मुले मात्र ‘दोनातून सात जात नाहीत, म्हणून एक दशक सुटा केला, बारातून सात गेले पाच’ असे बरोबर म्हणतात आणि दशकाच्या घरात पाचाचे चार झाले आहेत, हे विसरून पाचातूनच दोन वजा करतात. उत्तर पुन्हा ३५. नात दोन महिन्यांपूर्वी पहिल्या वाटेवर असेल आणि आज दुसऱ्या वाटेवर असेल, तर वजाबाकीतला सर्वांत अवघड भाग तिला समजला आहे आणि राहिली आहे ती एक नोंद. दहा-दहा काड्यांच्या पाच जुड्या आणि दोन सुट्या काड्या तिच्यासमोर ठेवा. एक जुडी तिने स्वतःच्या हाताने सोडली, की जुड्या चारच उरल्याचे तिला डोळ्यांनी दिसेल.

ती ‘सत्तावीस’ ऐकून ७२ लिहीत असेल, तर त्याचीही धास्ती घेऊ नका. मराठीत सात आधी उच्चारले जातात आणि लिहिताना दोन आधी येतात. अशी गफलत करणारे मूल निदान दोन्ही अंक नीट ऐकते आहे.

प्रश्न : आमची शाळा दोनशिक्षकी आहे. प्रत्येक मुलाच्या इतक्या बारीक नोंदी ठेवणे शक्य आहे का? – एक शिक्षिका, पालघर जिल्हा

सर्वांच्या शक्य नाहीत आणि गरजही नाही. जी चार-पाच मुले मागे आहेत, त्यांच्यापुरती एक वही करा आणि रोज एकाच मुलाविषयी तारीख घालून एक ओळ लिहा. २०१० पासून राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन, म्हणजे केवळ परीक्षेवर न थांबता वर्षभर सर्व बाजूंनी करायचे मूल्यमापन, आले आणि त्यात वर्णनात्मक नोंदींना जागा मिळाली; पण ‘प्रगती समाधानकारक’ अशा नोंदीतून पुढच्या वर्गाच्या शिक्षकाला काहीच कळत नाही. ‘मात्रा वाचतो, जोडाक्षराला थांबतो, पहिला ध्वनी सांगितला की पुढे वाचतो’ एवढे लिहिलेत तरी पुरे. श्रेणीवर विसंबू नका : ४२ गुणांवरून ४९ वर गेलेला मुलगा क-२ या त्याच श्रेणीत राहतो.

प्रश्न : एवढ्या-तेवढ्याचे कौतुक केले तर मुलगा तेवढ्यावरच खूश होऊन बसणार नाही का? त्याच्याच वयाचा माझा पुतण्या धडाधड वाचतो. – एक वडील, कोल्हापूर

कौतुक कशाचे करता, यावर ते अवलंबून आहे. अमेरिकेतील क्लॉडिया म्यूलर आणि कॅरोल ड्वेक यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले, की ‘तू हुशार आहेस’ अशी शाबासकी मिळालेली पाचवीतली मुले अवघड प्रश्नांत अपयश आल्यावर लवकर खचली, आणि मेहनतीचे कौतुक झालेली मुले अधिक काळ टिकून राहिली. म्हणून नुसते ‘शाब्बास’ म्हणू नका. ‘काल तू या ओळीत तीनदा मला विचारलेस, आज एकदाच विचारलेस’ असे सांगा. मदत कमी लागणे ही प्रगतीच आहे, गुणपत्रिकेत तिला रकाना नसला तरी. असे नेमके सांगितलेले मुलाला खरे वाटते, कारण ते खरेच असते. आणि उगीच केलेली स्तुती मुले लगेच ओळखतात.

पुतण्याशी तुलना मात्र आजच थांबवा, विशेषतः मुलासमोर. त्या तुलनेतून तुम्हाला मुलाविषयी नवी माहिती काहीच मिळत नाही, आणि त्याला एवढेच कळते की वडिलांसमोर वाचणे धोक्याचे आहे. मग तो वाचन टाळू लागतो, आणि टाळल्यामुळे खरोखरच मागे पडतो.

प्रश्न : मुलगी आठ वर्षांची आहे. वर्षभर मन लावून सराव घेतला, तरी अक्षरेच पक्की होत नाहीत. अजून किती वाट पाहावी? – एक आई, ठाणे

आता वाट पाहू नये. नियमित सराव होऊनही चुकांचा प्रकार महिनोन् महिने तसाच राहत असेल, तर आधी डोळे आणि कान तपासून घ्या. फळा नीट न दिसणारे मूल वर्गात ‘ढ’ ठरल्याची उदाहरणे कमी नाहीत. ते ठीक असल्यास अध्ययन अक्षमतेची, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यात येणाऱ्या अडचणीची, तपासणी करून घ्यावी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे आणि असे प्रमाणपत्र असलेल्या विद्यार्थ्यांना राज्य मंडळाच्या परीक्षांत जादा वेळ, लेखनिक यांसारख्या सवलती मिळतात. हा बुद्धीचा दोष नव्हे, हे मुलीलाही तिला समजेल अशा शब्दांत सांगा. ती मराठी माध्यमात शिकत असेल, तर वाचन-लेखनाची चाचणी मराठीतूनच घेतली जावी असा आग्रह धरा, आणि जाताना वर्षभराच्या तिच्या वह्या बरोबर न्या. त्यांतल्या चुका तपासणाऱ्याला पुष्कळ काही सांगतील.