मागे जादा पाटे (स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या) टाकल्यापासून पिकअप रिकामी असताना हायवेवर भरकटते, अलाइनमेंट करूनही फरक नाही. कारण काय?

बहुधा कॅस्टर, म्हणजे पुढच्या चाकाच्या वळण्याच्या अक्षाचा कल, कमी झालाय. अलाइनमेंट म्हणून बऱ्याच ठिकाणी फक्त टो (वरून पाहिल्यास चाकं आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते) बघतात. टो बिघडला की टायर खातो, म्हणून तो लगेच लक्षात येतो. कॅस्टरमुळे टायर फारसा झिजत नाही, त्यामुळे त्याकडे कोणी बघत नाही.

चाक ज्या अक्षाभोवती वळतं, तो बाजूने पाहिला तर वरच्या टोकाला मागे कललेला असतो. हा कल म्हणजे पॉझिटिव्ह कॅस्टर. वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येतं, गाडी सरळ धावते, ते मुख्यतः यामुळे. तुम्ही मागची बाजू उचललीत, नाक खाली गेलं, कल घटला. ३ मीटर व्हीलबेसच्या (पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराच्या) गाडीत मागून ५० मिलिमीटर उचललं की साधारण १ अंश जातो, आणि तेवढा पुरे होतो! माल भरल्यावर मागची बाजू दबते, म्हणून तेव्हा गाडी ठीक वाटत असणार.

आधी किंगपिन किंवा बॉल जॉइंटचा (पुढचं चाक ज्यावर वळतं त्या सांध्याचा) प्ले म्हणजे ढिलेपणा आणि टायरची हवा तपासा. मग कॅस्टरचं रीडिंग छापून मागा. पुढे सलग अ‍ॅक्सल आणि पाटे असतील तर पाटा व अ‍ॅक्सलमध्ये पाचरीसारखी शिम बसवून कोन सुधारतो. दोन्ही बाजूंना सारखाच ठेवा, नाहीतर कमी कॅस्टरच्या बाजूला गाडी ओढेल. रोज ओव्हरलोड नसेल तर सरळ एक पाटा काढा, स्वस्तात काम होईल.