आरोग्यविषयक प्रश्नोत्तरे : थायरॉइड ग्रंथीच्या आत काय बदलते?

प्रश्न : माझ्या पत्नीच्या रक्ततपासणीत अँटी-टीपीओ बरेच वाढलेले निघाले आणि डॉक्टरांनी हाशिमोटो आजार सांगितला. यात ग्रंथीतील प्रथिनांचे नेमके काय होते?

उत्तर : हाशिमोटो आजारात शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच थायरॉइड ग्रंथीवर उलटते; अँटी-टीपीओ ही टीपीओविरुद्धची प्रतिपिंडे (अँटिबॉडी) होत. टीपीओ, म्हणजे थायरॉइड पेरॉक्सिडेज, हे ग्रंथीच्या पेशींमधील विकर (एन्झाइम) थायरोग्लोब्युलिन नावाच्या अवाढव्य प्रथिनावर आयोडीन चढवते आणि त्यातूनच पुढे संप्रेरक तयार होते. निरोगी ग्रंथीचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास याच थायरोग्लोब्युलिनने भरलेल्या गोल पुटिका दिसतात. या आजारात मात्र त्या आक्रसतात आणि भोवती लसिकापेशींची (लिम्फोसाइट या रोगप्रतिकारक पेशींची) इतकी दाटी होते की, १९१२ साली चार स्त्रियांच्या ग्रंथींचे वर्णन करणाऱ्या हाकारू हाशिमोटो या जपानी शल्यचिकित्सकाने आजाराला ‘स्ट्रुमा लिम्फोमॅटोसा’ हे नावच त्यावरून दिले. उरलेल्या काही पेशी फुगून तंतुकणिकांनी (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांनी) गच्च भरतात. मला सर्वांत लक्षणीय वाटतो तो बदल वेगळाच आहे : एरवी मुख्यतः रोगप्रतिकारक पेशींवर आढळणारे आणि हल्ला कशावर करायचा ते दाखवून देणारे एचएलए-डीआर हे प्रथिन येथे खुद्द ग्रंथीच्या पेशींवर उमटते, म्हणजे घरभेदीपणाच म्हणायचा. अँटी-टीपीओ मात्र वारंवार तपासण्याची सहसा गरज नसते. थायरॉइड संप्रेरकाच्या गोळीची मात्रा प्रामुख्याने टीएसएच (थायरॉइडला चालना देणारे संप्रेरक) पाहून ठरते.