डेकला हात लावू देऊ नका : तेल-वायूच्या हिशेबातल्या एआयविषयी प्रश्नोत्तरे

टेक्सस, ओक्लाहोमा, न्यू मेक्सिकोतल्या तेल-वायू उत्पादकांचे हिशेब सांभाळणारी मराठी मंडळी ह्यूस्टनमध्ये भेटतात, तशी पुण्या-मुंबईच्या बॅक ऑफिसांतही भेटतात. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘एआय असिस्टंट’चं बटण आल्यापासून या मंडळींचे प्रश्न फिरून फिरून तेच येतात, म्हणून एकत्र उत्तरं देते. शीर्षकातला ‘डेक’ म्हणजे एका विहिरीच्या सगळ्या मालकांच्या हिश्श्यांची दशांशांत लिहिलेली यादी; पैसे तिच्यावरून वाटले जातात. तुमच्यापैकी कोणाचाही करार मी पाहिलेला नाही, हे ध्यानात ठेवूनच वाचा.

प्रश्न : आमच्याकडे एआय व्हेंडरची बिलं वाचतो आणि विहीर, एएफई (खर्चाआधी मंजूर होणारं अंदाजपत्रक), खर्चाचा कोड स्वतःच भरतो. त्यावर विसंबावं का? (खराडी, पुणे)

वाचू द्या, सुचवू द्या. पोस्ट माणसाने करावं.

बिलावरचा नंबर, तारीख, रक्कम उचलणं, तेच बिल दुसऱ्यांदा आलंय हे पकडणं, ही कामं तो बरी करतो आणि थकत नाही. अडतो कुठे, तर एकाच पॅडवर, म्हणजे खोदकामाच्या एकाच जागेवर, चार विहिरी असतात तिथे. नावं सारखी, शेवटचा आकडा तेवढा वेगळा. पाणी वाहणाऱ्या ट्रकवाल्याने फील्ड तिकिटावर फक्त लीजचं, म्हणजे तेल काढायला घेतलेल्या जमिनीचं, नाव खरडलेलं असतं. माणूस अशा वेळी पंपरला, म्हणजे विहिरीची रोजची देखभाल करणाऱ्याला, फोन लावतो. एआय मागच्या महिन्याची विहीर उचलून मोकळा होतो. दुसरी गोची ड्रिलिंग (विहीर खोदणं), कम्प्लिशन (ती उत्पादनासाठी तयार करणं) आणि वर्कओव्हर (जुन्या विहिरीची दुरुस्ती) यांची. खर्च भांडवली की चालू, हे त्यावर ठरतं आणि प्रत्येक भागीदाराचं जेआयबी बिलही, म्हणजे विहीर चालवणारी कंपनी (ऑपरेटर) खर्चातला वाटा मागायला पाठवते ते. किती रकमेपर्यंत सूचना आपोआप स्वीकारायची, ती मर्यादा तुमच्या कंट्रोलरकडून लेखी घ्या. तुम्ही ठरवू नका आणि सॉफ्टवेअरवाल्याला तर मुळीच ठरवू देऊ नका.

प्रश्न : वायूच्या सेटलमेंट स्टेटमेंटवरचे एमसीएफ एआयने दशलक्ष घनफूट धरले. चूक कोणाची? (हिंजवडी)

ज्याने न तपासता पुढे ढकललं त्याची. आपल्या धंद्यात एक एम म्हणजे हजार, दोन एम म्हणजे दशलक्ष. एमसीएफ म्हणजे हजार घनफूट; एमएमबीटीयू म्हणजे दशलक्ष बीटीयू, वायूतल्या उष्णतेचं माप. एमएमबीटीयूला एमसीएफने भागून पाहा. उत्तर एकच्या आसपास, ओल्या (जड घटक जास्त असलेल्या) वायूला थोडं वर यायला हवं. हजाराच्या पटीत काही दिसलं तर थांबा.

प्रश्न : कंपनीने जुने दस्त, लीजचे करार आणि टायटल ओपिनियन (मालकीबद्दल वकिलाचं लेखी मत) एआयला वाचायला देऊन मालकांचे दशांश त्याच्याकडूनच काढून घ्यायचं ठरवलंय. डेमोत सगळे बरोबर आले. आमचा डिव्हिजन ऑर्डरवाला (कागद तपासून मालकांचे हिस्से ठरवणारा) निवृत्त होतोय, त्याच्या जागी माणूस घेणार नाहीत. तुमचं मत? (मिडलँड, टेक्सस)

माझं मत तुमच्या व्यवस्थापनाला आवडणार नाही.

डेमोतल्या फायली स्वच्छ असतात, म्हणूनच त्या डेमोत असतात. ६४० एकरांच्या युनिटमध्ये (विहिरीसाठी एकत्र केलेल्या जमिनीत) एका बाईंचे ४० एकर, रॉयल्टी, म्हणजे उत्पादनातला मालकाचा वाटा, ३/१६. चाळीस भागिले सहाशे चाळीस, गुणिले ३/१६, म्हणजे ०.०११७१८७५. याला एआय कशाला हवा? साधा कॅल्क्युलेटर पुरतो. डेकमधली खरी मेख गुणाकाराच्या आधी असते. ते ४० एकर पूर्ण त्यांचे आहेत का? जमीन विकताना आजोबांनी खनिजांचा अर्धा हक्क स्वतःकडे ठेवला होता का? आजोबा गेले, मृत्युपत्राचं प्रोबेट (न्यायालयाची मान्यता) झालंच नाही, तीन मुलांपैकी एक कॅलिफोर्नियात आणि एकाचा पत्ता नाही. आपल्याकडच्या सातबाऱ्यावर गेलेल्या माणसांची नावं वर्षानुवर्षं राहतात, तसंच इथे समजा; फरक एवढाच की इथे त्या नावावर दर महिन्याला चेक निघतो.

आता एक खरा खटला ऐका. टेक्ससमधल्या १९२४ सालच्या एका दस्तात विकणाऱ्यांनी खनिजांचा ‘एक-अष्टमांशाचा अर्धा’ हिस्सा राखून ठेवला होता. शाळेतलं पोर सांगेल, एक-सोळांश. टेक्ससच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये, व्हॅन डाइक विरुद्ध नॅव्हिगेटर ग्रुप या खटल्यात, निकाल दिला अर्ध्याचा. त्या काळी रॉयल्टी सरसकट १/८ असायची, त्यामुळे दस्तांत ‘एक-अष्टमांश’ हे संपूर्ण खनिज हक्कासाठी लिहिलं जाई. असा दुहेरी अपूर्णांक जुन्या दस्तात दिसला की तोच अर्थ आधी गृहीत धरायचा, आणि उलटा अर्थ दस्तातूनच सिद्ध झाला तर तो घ्यायचा, असं न्यायालयाने म्हटलं. म्हणजे ०.०६२५ की ०.५, आठ पटींचा फरक. एआय यातलं कुठलंही उत्तर देईल, आणि दोन्ही सारख्याच थंडपणे देईल. त्याने हा निकाल ‘वाचलेला’ असला तरी तुमच्या दस्तातल्या बाकीच्या वाक्यांमुळे तो इथे लागू होतो की नाही, हे ठरवण्याचा परवाना त्याच्याकडे नाही. तो टेक्ससच्या वकिलाकडे आहे.

माझी काळजी याच्याही पुढची आहे. आमच्या हिशेबात सस्पेन्स नावाची फार मोलाची जागा आहे. मालकी स्पष्ट नसेल तर पैसे तिथे थांबतात. टेक्ससचा कायदा एरवी घाई करायला लावतो : पहिल्या विक्रीचा महिना संपल्यापासून १२० दिवसांत पैसे सुरू करा, पुढे तेलाचे महिनाअखेरीपासून ६० दिवसांत आणि वायूचे ९० दिवसांत द्या, नाहीतर व्याज भरा. पण मालकीबद्दल वाद किंवा रास्त शंका असेल, किंवा टायटल ओपिनियनमधली अट पुरी व्हायची असेल, तर पैसे बिनव्याजी रोखून ठेवायची मुभा तोच कायदा देतो. चांगला डिव्हिजन ऑर्डरवाला कशावरून ओळखायचा? किती मालक त्याने पटापट चालू केले त्यावरून नाही, कोणाला सस्पेन्समध्ये टाकलं आणि का टाकलं त्यावरून. एआयला उत्तर द्यायला शिकवलंय. ‘मला कळत नाही, थांबवा’ हे तो आपणहून क्वचितच म्हणतो, आणि आठ दशांशांपर्यंत आकडा दिला की वाचणाऱ्यालाही वाटतं, अचूकच असणार.

‘पण आमच्या डेकची बेरीज बरोबर एक येते’ असं कोणीतरी म्हणेलच. येईल की! एकाचा हिस्सा चुकून दुसऱ्याला दिला तरी बेरीज एकच येते. उलट कागदावरून काढलेली बेरीज ०.९९ आली तर आनंद माना, काहीतरी राहिलंय हे कळलं. ती ओढूनताणून एक करून देणारं यंत्र तुम्हाला आंधळं करतंय.

शिवाय डेक स्थिर नसतो. विहिरीत पैसे घालायला नकार देणारा भागीदार बाहेर राहतो. बाकीच्यांचा खर्च करारातल्या पटीने वसूल झाला की त्याचा हिस्सा परत येतो. तो दिवस कोणता, हे लीजच्या पीडीएफमध्ये लिहिलेलं नसतं. पे-आउटचा हिशेब ठेवणाऱ्यालाच ते माहीत असतं.

तर काय करावं? एआयला कागदांची सूची करू द्या : कोणता दस्त, कोणी कोणाला दिला, तारीख, खंड, पान. प्रत्येक विधानापुढे पान हवंच. पान नसलेलं वाक्य खोडून टाका. दशांश माणसाने काढावा, दुसऱ्या माणसाने तपासावा आणि डेक बदलण्याचं अप्रूव्हल तिसऱ्याकडे असावं. जुने दुहेरी अपूर्णांक, प्रोबेट न झालेले वारस, एकमेकांशी न जुळणारे दस्त हे त्या राज्यात परवाना असलेल्या टायटल वकिलाकडे जायला हवेत. ओक्लाहोमाची जमीन असेल तर टेक्ससची उत्तरं तिथे चालवू नका. आणि निवृत्त होणाऱ्या गृहस्थांना निदान वर्षभर अर्धवेळ ठेवून घ्या. त्यांचा पगार वाचवून जे वाचेल ते एका चुकलेल्या डेकच्या वसुलीत जाईल. चुकून दिलेला पैसा मालकाकडून परत मागून पाहा, म्हणजे कळेल.

प्रश्न : विक्रेता म्हणतो, त्यांचा एआय कोपासवर (भागीदारीतल्या तेल-वायू हिशेबाच्या नमुना-नियमांवर) प्रशिक्षित आहे, जॉइंट व्हेंचर ऑडिटची (भागीदारांनी ऑपरेटरची बिलं तपासण्याची) गरजच उरणार नाही. (केटी, टेक्सस)

कोणत्या सालच्या कोपासवर, हे त्याला विचारा आणि चेहरा पाहा. १९८४, १९९५, २००५, २०२२, असे वेगवेगळे नमुने वापरात आहेत. जुनी विहीर अजूनही तिच्या मूळ करारासोबत जोडलेल्या १९८४ च्या नमुन्यावर चालत असू शकते, तेही दोन कलमं हाताने खोडून. तुमचा करार त्याने पाहिलेला नाही, मग प्रशिक्षण कसलं?

हा विक्रीचा जुना खेळ आहे. जुनंच ओसीआर (कागदावरचा मजकूर वाचणारं सॉफ्टवेअर), नवं बटण, त्यावर ‘एआय’चा शिक्का आणि दर पानामागे वेगळा आकार. सही करण्याआधी तुमचा एक बंद झालेला महिना त्याला द्या, तोही भांडणांचा, आणि उत्तर तुमच्या लेजरशी ताडून पाहा. शंका असेल तेव्हा तो काय करतो, हे दाखवायला सांगा. कोणती सूचना कोणी कधी स्वीकारली याची नोंद राहते का, तेही विचारा. तुमची कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर २००२ च्या सार्बेन्स-ऑक्सली कायद्याच्या कलम ४०४ खाली (अंतर्गत नियंत्रणांच्या तपासणीत) ही नोंद मागितली जाईल, म्हणून ऑडिटरला खरेदीच्या आधी बोलवा, नंतर नाही. तीन-पाच वर्षांचा करार वकिलाला दाखवल्याशिवाय करू नका.

प्रश्न : व्हॉट्सॲप ग्रुपवर आलं होतं की जेआयबी चॅटबॉटला दिलं की ऑडिटचे मुद्दे आयते मिळतात. मी मोफत चॅटबॉटवर करून पाहिलं, मस्त आले. ऑफिसात सांगितलेलं नाही. (पुणे)

आजच सांगा. उद्या नाही.

जेआयबी तुमचं नाही, तुमच्या कंपनीचंही पूर्ण नाही. त्यात भागीदारांची माहिती आहे आणि करारात बहुधा गोपनीयतेचं कलम आहे. सोबत मालकांचे टॅक्स आयडी गेले असतील तर प्रकरण आणखी गंभीर. २०२३ मध्ये सॅमसंगच्या कर्मचाऱ्यांनी अंतर्गत कोड चॅटजीपीटीत टाकला आणि कंपनीने अशा साधनांवर बंदीच आणली. तुमच्या आयटी आणि लीगलकडे जा, काय काय टाकलं ते खरं सांगा. त्यांना विचारल्याशिवाय स्वतः काही डिलीट करत बसू नका.

आणि ते ‘मस्त’ मुद्दे? त्यांतलं प्रत्येक कलम मूळ करारात आहे का, ते उघडून पाहिलंत? त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या दोन वकिलांना आणि त्यांच्या फर्मला मिळून ५,००० डॉलरचा दंड झाला, कारण चॅटजीपीटीने रचलेले, कधी झालेच नाहीत असे खटले त्यांनी न्यायालयापुढे ठेवले. ग्रुपवरचा ज्ञानी तुमचा दंड भरायला येणार नाही.

प्रश्न : ऑपरेटरने २०२४ च्या जेआयबीत ओव्हरहेड (स्वतःचा कार्यालयीन खर्च) जास्त लावलंय असं सॉफ्टवेअरने दाखवलं. मॅनेजर म्हणतात, नवी सिस्टीम पूर्ण बसू दे, मग सगळं एकदम काढू. (ह्यूस्टन)

मॅनेजरना कॅलेंडर दाखवा. कोपासच्या नमुन्यात एका कॅलेंडर वर्षातली बिलं, ते वर्ष संपल्यापासून २४ महिन्यांनी बरोबर मानली जातात, लेखी हरकत घेतलेली नसेल तर. म्हणजे २०२४ च्या बिलांना ३१ डिसेंबर २०२६. सिस्टीम बसेपर्यंत मुदत थांबत नाही. ओव्हरहेडचा दर दर एप्रिलला समायोजित होतो, तेव्हा ऑपरेटरने तो नीट लावला असण्याचीही शक्यता आहे. आधी तेवढं ताडून घ्या. तफावत राहिली तर लेखी हरकत पाठवा आणि तुमच्या करारातली मुदत हीच आहे का, हे जॉइंट व्हेंचर ऑडिटरकडून पक्कं करा.

प्रश्न : एआयने कच्च्या तेलाच्या विक्रीवर पाच टक्के जीएसटी लावून इन्व्हॉइस काढलं. बरोबर आहे का? (मुंबई)

नाही. कच्चं तेल आणि नैसर्गिक वायू अजून जीएसटीच्या बाहेर आहेत. इन्व्हॉइस गेलं असेल तर आजच तुमच्या सीएंना फोन करा.

प्रश्न : एआय सुचवतो की हिशेबाची सक्सेसफुल एफर्ट्स पद्धत (कोरड्या विहिरीचा खर्च लगेच नफ्यातून वजा) सोडून फुल कॉस्टवर (सगळा खर्च भांडवली) गेलो तर कोरड्या विहिरींचा खर्च नफ्यातून जाणार नाही. (डॅलस)

नफ्यातून आज जाणार नाही. भाव पडले की सीलिंग टेस्टमध्ये, म्हणजे भांडवली रकमेला घातलेल्या मर्यादेच्या तपासणीत, एकदम जाईल. पद्धत बदलायला ठोस कारण लागतं आणि ‘चॅटबॉट म्हणाला’ हे कारण नाही. ऑडिटरला विचारा.

प्रश्न : मॅडम, मी दोन वर्षं रेव्हेन्यू अकाउंटिंगमध्ये आहे. माझी नोकरी राहील का? (खराडी)

स्टेटमेंटवरचे आकडे बघून बघून सिस्टीममध्ये भरणं एवढंच काम असेल तर ते फार दिवस राहणार नाही, उगीच धीर देत नाही. पण मागच्या महिन्यांच्या दुरुस्त्या का आल्या, खरेदीदाराने भाव का बदलला, प्लांटने किती वायू इंधन म्हणून वापरला, हे शोधणारी माणसं आजही कमी पडतात. एक लीज आणि एक ऑपरेटिंग करार पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचा. सारांश मागू नका, स्वतः वाचा. पुढे काय शिकायचं ते तुमच्या टीम लीडला विचारा. तुमच्या कंपनीत कुठे जागा होणार आहेत ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

प्रश्न : आम्ही गुंतवणूक म्हणून टेक्ससमध्ये थोडे मिनरल्स (जमिनीखालचे खनिज हक्क) घेतलेत. नव्या डिव्हिजन ऑर्डरवर (आमचा हिस्सा मान्य करून घेणाऱ्या कागदावर) आमचा दशांश आधीपेक्षा कमी आहे. चॅटबॉट म्हणतो, सही करून टाका. (शुगर लँड)

करू नका. टेक्ससमध्ये डिव्हिजन ऑर्डरने लीज बदलत नाही, पण तुम्ही ती मागे घेईपर्यंत तिच्याप्रमाणे झालेलं पेमेंट तुमच्यावर बंधनकारक ठरतं. दशांश का बदलला, याचा हिशेब ऑपरेटरच्या ओनर रिलेशन्सकडे लेखी मागा. नवं युनिट झालं असेल तर आकडा बरोबरही असेल. उत्तर आलं की ते तुमच्या दस्तासह ऑइल-गॅस वकिलाला दाखवा. पत्र सर्टिफाइड मेलने पाठवा आणि सोबत जुन्या चेकच्या स्टबची प्रत जोडा, मूळ स्टब तुमच्याकडे ठेवा.