चर्चच्या वर्गात बसलं की बाप्तिस्मा घ्यावाच लागतो का?

प्रश्न : टीचर, सप्रेम नमस्कार. मी मूळची साताऱ्याची, लग्न होऊन वसईत आले. आमचं लग्न बिशपांची रीतसर परवानगी घेऊन चर्चमध्ये झालं, मी मात्र हिंदूच राहिले. मुलगी तिसरीत आहे, यंदा तिचं फर्स्ट कम्युनियन, म्हणजे चर्चमध्ये पहिल्यांदा ख्रिस्तप्रसादाचा पाव घेण्याचा सोहळा. ती विचारते, "मम्मी, एवढासा पाव म्हणजे येशू कसा?" मला सांगता येत नाही आणि तिचे पप्पा "सिस्टरला विचार" म्हणून मोकळे होतात. चर्चमध्ये मोठ्या माणसांसाठी धर्मशिक्षणाचा वर्ग आहे, जावंसं वाटतं. पण सासूबाई आनंदाने म्हणाल्या, "म्हणजे आता बाप्तिस्मा घेणार!" मी तसं काहीच ठरवलेलं नाही. तिथे बसलं की पुढे तो संस्कार घेऊन ख्रिस्ती व्हावंच लागतं का?
— एक आई, वसई

उत्तर : नाही. अगदी निर्धास्त जा. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी आमच्या धर्मग्रामात, म्हणजे आमच्या चर्चच्या परिसरात, मोठ्यांचा वर्ग घेते. तुमच्यासारख्या सुना त्यात नेहमीच असतात. काहींनी पुढे बाप्तिस्मा घेतला, काहींनी नाही. ज्यांनी घेतला नाही त्या आजही रविवारी नवऱ्याशेजारी मिस्साला, म्हणजे चर्चच्या उपासनेला, बसतात, आणि त्यांना कुणी कमी लेखलं तर मला मनापासून राग येतो.

सासूबाईंचा आनंद मी समजू शकते, पण त्यांना एवढं जरूर सांगा : 1983 च्या चर्चच्या धर्मसंहितेतच लिहिलं आहे की कुणालाही त्याच्या सदसद्विवेकबुद्धीविरुद्ध कॅथलिक श्रद्धा घ्यायला भाग पाडू नये. प्रौढाला बाप्तिस्मा द्यायचा तर आधी त्याने स्वतःहून तशी इच्छा सांगितली पाहिजे, त्याला पुरेसं शिक्षण मिळालं पाहिजे, त्याचं जगणंही त्या वाटेवर पारखलं गेलं पाहिजे. घरच्यांच्या हौसेला त्यात जागा नाही.

हे सगळं सावकाश चालतं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे 1962 ते 1965 मध्ये रोमला भरलेल्या जगभरच्या बिशपांच्या सभेने, मोठ्यांच्या दीक्षेची जुनी, टप्प्याटप्प्याची पद्धत पुन्हा सुरू करायला सांगितलं आणि 1972 मध्ये तिचा विधी प्रसिद्ध झाला. पहिला टप्पा नुसत्या विचारपुशीचा. तुम्ही सध्या तिथेच आहात, आणि हवं तितके दिवस तिथे राहू शकता. ज्याला पुढे जायचं असतं त्याच्या कपाळावर क्रुसाची खूण करून त्याला दीक्षार्थी म्हणून स्वीकारतात. मग शिक्षणाचा मोठा काळ, ईस्टरआधीच्या उपवासकाळात विशेष तयारी आणि ईस्टरच्या आदल्या रात्री बाप्तिस्मा, दृढीकरण (श्रद्धा पक्की करणारा तेलाभिषेक) व ख्रिस्तप्रसाद, तिन्ही एकाच उपासनेत. त्या रात्रीपर्यंत कोणत्याही टप्प्यावर "मला थांबायचंय" म्हणता येतं. असं म्हणणाऱ्याशी मी कधी वाद घालत नाही.

उपवासकाळाच्या तिसऱ्या रविवारी या दीक्षार्थींसाठी बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचतात, ती मला फार प्रिय आहे. शोमरोनी म्हणजे यहुदी ज्यांच्याशी संबंध ठेवत नसत ते शेजारी. भर दुपारी ही स्त्री विहिरीवर येते. येशू पाणी मागतो, तर ती आधी त्यालाच विचारते, तुम्ही यहुदी असून माझ्याकडे पाणी कसं मागता? मग म्हणते, तुमच्याकडे पोहरा नाही, विहीर खोल आहे, जिवंत पाणी आणणार कुठून? तिचं कुळ वेगळं, देवाला भजण्याची जागा वेगळी. तरी येशू तिला गप्प बसवत नाही, एकेक प्रश्न घेऊन बोलत राहतो. वर्गात तुम्ही असंच विचारावं. न पटलेलं तर आधी विचारावं.

आता लेकीचा प्रश्न. आमची श्रद्धा अशी की भाकर आणि द्राक्षरस दिसायला, चवीला तसेच राहतात. पण धर्मगुरू वेदीवर येशूचे शेवटच्या भोजनातले शब्द उच्चारतात तेव्हा तो स्वतः तिथे खराखुरा उपस्थित होतो. तिला सांगा, डोळ्यांना भाकर दिसते, आम्ही त्याच्या शब्दावर विश्वास ठेवतो. तुम्हाला स्वतःला ख्रिस्तप्रसाद घेता येणार नाही, तिच्या सोहळ्याच्या दिवशीही नाही. हे आधीच कळलेलं बरं, ऐनवेळी रांगेत कुणी थांबवलं तर मन दुखतं. काही चर्चमध्ये हात छातीवर दुमडून पुढे गेलं की फादर आशीर्वाद देतात. तुमच्याकडे तशी रीत आहे का, विचारून घ्या.

घरी वाचायला मार्कचं शुभवर्तमान घ्या. येशूचं चरित्र सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांत तेच सर्वांत छोटं, 16 अध्यायांचं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या 'सुबोध बायबल'मधली मराठी तुम्हाला अडणार नाही. आणि साताऱ्याला ओव्या कानावर पडल्या असतील, तर गोव्यात 1616 मध्ये फादर थॉमस स्टीफन्स यांनी छापलेलं 'क्रिस्तपुराण' कधीतरी उघडून बघा. नव्याने ख्रिस्ती झालेल्या मोठ्या माणसांसाठी येशूची कथा त्यांनी मराठी ओवीत सांगितली आहे.

मिस्टरांनाही वर्गाला घेऊन जा. हे मी आग्रहाने सांगते. आपल्याकडे धर्मशिक्षण शाळेबरोबर संपतं, आणि चाळिशीतला माणूस लहानपणी पाठ केलेल्या उत्तरांवर दिवस काढतो. लग्नाच्या परवानगीच्या वेळी मुलांना कॅथलिक श्रद्धेत वाढवण्यासाठी शक्य ते सगळं करीन, असं वचन त्यांनी दिलेलं असतं. त्याचा सगळा भार सिस्टरवर टाकून चालत नाही.

पहिल्याच दिवशी फादरांना स्पष्ट सांगा, "मला समजून घ्यायचंय, निर्णय काही केलेला नाही." साताऱ्यालाही वर्ग सुरू होण्याआधी स्वतः फोन करा. आईवडिलांना ही गोष्ट दुसऱ्या कुणाकडून कळता कामा नये.