मुस्कटदाबी, मुसकं आणि मुसक्या

पत्रकारिता शिकणाऱ्या एका मुलीचा प्रश्न आलाय: 'ट्विटरनं ट्रम्प यांचं खातं बंद केलं, त्याला मराठीत मुस्कटदाबी म्हणायचं की गळचेपी? आणि अभिव्यक्तीस्वातंत्र्य या शब्दात क्ति ऱ्हस्व की दीर्घ?'

आधी एक राग काढून घेतो. ८ जानेवारी २०२१ ला ते खातं बंद झालं आणि दुसऱ्या दिवशी बातम्यांत ऐकलं, 'ट्विटरने ट्रम्प यांच्या मुसक्या आवळल्या.' तेव्हापासून कुणाची पोस्ट उडाली, कुणाचा व्हिडिओ काढला, की मुसक्या आवळल्याच म्हणून समजा. अहो, मुसक्या तोंडाला नसतात! मुसक्या म्हणजे पाठीमागे करकचून बांधलेले हात. हिंदीत 'मुश्कें कसना' म्हणतात, त्यातला मुश्क म्हणजे हाताचा दंड. मुसक्या आवळलेला माणूस बोंबलू शकतो, शिव्या देऊ शकतो, साऱ्या बाजाराला गाऱ्हाणं ऐकवू शकतो. चोराच्या मुसक्या आवळा, लेखकाच्या नको.

गळचेपी सोपी. पाय चेपतात तसा गळा चेपायचा. आवाज निघतो, पण चिरका, शेजारच्यालाही न कळणारा. पोस्ट जागेवरच असते पण कुणाला दिसतच नाही, त्या शॅडोबॅनला हा शब्द चपखल बसतो.

मुस्कटदाबीत मुस्कट आहे. मुस्कटात भडकावतात तेच, गालफडासकट तोंड. ते दाबायला दुसऱ्याचा हात लागतो, आणि त्या हातामागे जोर लागतो. आपल्याकडे 'तोंड दाबून बुक्क्यांचा मार' म्हणतात. मुस्कटदाबीत हे बुक्के धरलेलेच असतात. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरला एका तरुणीनं फेसबुकवर मुंबईच्या बंदबद्दल चार ओळी लिहिल्या, मैत्रिणीनं त्या नुसत्या लाइक केल्या, आणि दोघींना अटक झाली. ती मुस्कटदाबी. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या ६६अ कलमाचा त्यात वापर झाला, ते सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०१५ ला रद्द केलं. ट्विटरकडे ना पोलीस होते, ना कोठडी. अमेरिकेची १७९१ ची पहिली घटनादुरुस्ती सुरूच होते ती काँग्रेसनं, म्हणजे तिथल्या संसदेनं, असा कायदा करू नये, इथून. ती सरकारचा हात धरते, कंपनीचा नाही. उलट २०२४ मध्ये नेटचॉइस या इंटरनेट कंपन्यांच्या संघटनेच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की फीडमध्ये काय ठेवायचं आणि काय गाळायचं हे ठरवणं हीसुद्धा कंपनीची अभिव्यक्तीच.

मग कंपनी जे करते त्याला शब्द कोणता? मुसकं!

मामाच्या खळ्यावर मी ते हातात धरलंय. सुतळीचं जाळीदार टोपरं, बैलाच्या लाळेनं ओलं, कडबा आणि शेण यांचा मिसळलेला वास. मळणीच्या वेळी मेढीभोवती, म्हणजे खळ्याच्या मधल्या खांबाभोवती, बैलांची पात फिरायची, पायाखाली जोंधळ्याची कणसं, आणि प्रत्येक तोंडाला मुसकं. मामाला विचारलं तर म्हणाला, 'त्याच्याच भल्यासाठी रं, जोंधळा खाल्ला की पोट फुगतं.' पोट फुगतं हे खरंच. पण दाणे मामाचे होते, हेही खरं.

या शब्दाच्या उगमाबद्दल माझा एक तर्क आहे आणि तो मला फार प्रिय आहे. मुसकं म्हणजे मुखाचं शिंकं. शिंकं संस्कृत शिक्यातून आलं, यात वाद नाही. मुख आणि शिक्य जोडा, भराभर म्हणा, मधला ख झिजू द्या, मुसकं हाती येतं. दोन्ही वस्तू शेजारी ठेवून बघा: तीच दोरी, तीच जाळी, तीच गाठ. आणि काम? शिंक्यात लोणी टांगायचं, म्हणजे खाणाऱ्याचं तोंड पोचणार नाही. मुसक्यात तोंडच टांगायचं, म्हणजे समोरचं खाणं पोचणार नाही. एकात अन्न कोंडलेलं, दुसऱ्यात तोंड. एकाच विणीला इतकी सुंदर उलटापालट करून वापरणारी भाषा माझी आहे, याचा मला अभिमान वाटतो.

मुस्कट, मुसकं आणि मुसक्या ही एकाच घरातली भावंडं, असं ठोकून देणाऱ्या लेखांचं मला पटत नाही. 'मुस' एवढं जुळलं म्हणून नातं जुळत नाही, नाहीतर मुसळही त्याच घरातलं म्हणावं लागेल. आणि जे भाषाशुद्धीवाले इथं 'परिनिरीक्षण' सुचवतात, त्यांनी त्या शब्दाचं काम तरी बघावं. रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे संहिता जाते ती प्रयोगाच्या आधी. फेसबुक-यूट्यूबवर आधी प्रयोग होतो, लाखो लोक बघतात, मग कात्री लागते. आधीच्या तपासणीचा शब्द नंतरच्या गाळणीला कसा चालेल?

मुसकं मात्र या भांडणाच्या दोन्ही बाजू पेलतं. खळं मालकाचं, मुसकंही मालकाचं, त्यामुळे पोलिसी दडपशाहीचा आरोप इथं चिकटत नाही. कंपनीही 'तुमच्या सुरक्षिततेसाठी'च म्हणते, थेट मामासारखी. पण मळणी कोण करतंय? आपणच फिरतोय त्या मेढीभोवती, आपल्याच लिहिण्यावर जाहिरातींचे दाणे पडतात. मळणी करणाऱ्या बैलाला मुसकं घालू नये, अशी आज्ञा बायबलच्या जुन्या करारात आहे, आणि मराठी बायबलात तिथं शब्दही मुसकंच आहे. ट्रम्प यांचं मुसकं नोव्हेंबर २०२२ मध्ये निघालं, तेही खळ्याचा मालक बदलला म्हणून. त्याआधीच्या काळात त्यांना अमेरिकेतल्या कुठल्याही चौकात, वाहिन्यांवरही बोलता येत होतं. ज्याची खरोखर मुस्कटदाबी होते, त्याला तेवढं मिळत नाही.

राहिली ती क्ति. सुटा शब्द अभिव्यक्ती, दीर्घ. तत्सम इकारान्त शब्द समासात पहिला आला की ऱ्हस्वच राहतो: बुद्धिवैभव, शक्तिप्रदर्शन, तसंच अभिव्यक्तिस्वातंत्र्य. सलग लिहायचं, मध्ये जागा सोडायची नाही.