३१ फ्रेटच्या गिटारवर पहिलं गाणं बसवताना

सप्तकाचे १२ ऐवजी ३१ समान भाग करणारे फ्रेट (मानेवरच्या धातूच्या पट्ट्या) असलेल्या गिटारच्या तारा नेहमीच्या, १२ भाग धरणाऱ्या ट्यूनरप्रमाणे लावल्या, तर खुल्या तारांचे कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) बिघडतात. ए तार ट्यूनरच्या शून्यावर धरा. दोन्ही ई ३ सेंट (सेंट म्हणजे नेहमीच्या अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) खाली, डी ३ वर, जी ६ वर, बी ६ खाली.

आधी चाल आणि बास बसवा, कॉर्ड नंतर. इथे जी शार्प आणि ए फ्लॅट वेगळे: जीपासून अनुक्रमे २ आणि ३ फ्रेट पुढे. ए मायनरच्या गाण्यात ई मेजर आला की जी शार्पच हवा. ए फ्लॅट दाबलात तर कॉर्ड सरळ बेसूर. नेहमीच्या गिटारचे तयार कॉर्डचे तक्ते यात हमखास घोळ घालतात.

६४८ मिमी स्केलवर (तारेची कंप पावणारी लांबी) सप्तकाच्या फ्रेटपुढे दोन फ्रेटमध्ये जेमतेम ७ मिमी उरतात. तिथे भरगच्च कॉर्ड नकोत, दोन सूर पुरेत.