मीठ गोठतं, पिकतं, फुटतं की धरतं?

दर्यापूर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेच्या शिक्षिकेने विचारलं आहे : मुलांनी गावच्या खाऱ्या विहिरीचं पाणी परातीत घालून उन्हात ठेवलं. पाणी गेलं, पांढरा थर राहिला. वहीत एकाने लिहिलं, ‘पाणी वाळलं अन् मीठ गोठलं’. दुसरीने लिहिलं, ‘मीठ पिकलं’. तिसऱ्याने लिहिलं, ‘मीठ फुटलं’. पुस्तकात आहे ‘स्फटिक तयार होतात’. यातलं बरोबर कोणतं? आणि ‘विरघळणे’च्या उलट मराठीत शब्द कोणता?

मॅडम, या तीनपैकी साफ चूक फक्त ‘गोठलं’ आहे. ती खोडायलाच हवी, कारण तिथे शब्दाबरोबर विज्ञानही चुकतं. गोठणं आणि थिजणं ही गारव्याची कामं. पाणी गोठतं, खोबरेल थिजतं, म्हणजे आहे तोच पदार्थ पातळाचा घट्ट होतो. त्याच्या उलट वितळणं. नुसतं मीठ वितळवायचं तर ८०१ अंश सेल्सिअसची भट्टी लागते. वरणात टाकलेलं मीठ वितळत नाही, विरघळतं. ‘मीठ वितळलं’ असं मोठी माणसंही सर्रास बोलतात, म्हणून मुलांना गोठणं सुचलं असणार.

शिवाय मीठ गारव्याला फारशी दादच देत नाही. १०० ग्रॅम पाण्यात शून्य अंशाला सुमारे ३५.७ ग्रॅम मीठ मावतं आणि उकळत्या पाण्यात सुमारे ३९. एवढाच फरक. सोऱ्याचं, म्हणजे पोटॅशियम नायट्रेटचं, तसं नाही. २० अंशाला ३२ ग्रॅमच्या आसपास मावणारा सोरा उकळत्या पाण्यात २४० ग्रॅमच्या वर मावतो. म्हणून सोऱ्याचं कडक पाणी निवत ठेवलं की लांब लांब कलमा, म्हणजे काड्यांसारखे स्फटिक, पडतात, आणि त्यावरूनच आपण त्याला कलमी सोरा म्हणतो. मिठाचं पाणी रात्रभर निवत ठेवा, तळाला चिमूटभर आलं तर आलं. मीठ हवं तर पाणी घालवावंच लागतं.

आणि ते पाणी ‘वाळत’ नाही, ‘आटतं’. वाळतं ते लुगडं, वाळते ती तूर. ज्यातून पाणी जातं ती वस्तू वाळते. पाणी स्वतः आटतं. परात वाळली, पाणी आटलं, असं लिहायला सांगा.

आता ‘फुटलं’. हा शब्द त्या पोराने वावरातून आणलेला आहे आणि तो सोन्यासारखा आहे. अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात पसरलेला आपला खारपाणपट्टा, तिथल्या लेकराला हा शब्द शिकवावा लागत नाही. कोंब फुटतो, पालवी फुटते, घाम फुटतो, पाझर फुटतो. आतलं बाहेर येतं तिथे मराठी ‘फुटणे’ वापरते. खारवट जमिनीत नेमकं हेच होतं. मातीच्या कणांमधल्या बारीक वाटांनी खालचा ओलावा वर चढतो. पृष्ठभागावर आला की ऊन पाणी घेऊन जातं आणि क्षार तिथेच राहतो. रोज थोडं थोडं असं चालून उन्हाळ्यात वावर पांढरं दिसायला लागतं. खाऱ्या पाण्याच्या माठाला बाहेरून पांढरी बुरशी आल्यासारखी दिसते, तेही मीठ फुटणंच. मातीच्या जुन्या भिंतीला तेच झालं की तिला ‘लोणा लागला’ म्हणतात. हा लोणा लवणातलाच, लोणचं आणि अळणीही त्याच घरचे. मात्र परात पितळेची असो की स्टीलची, तिच्या आतून काही येत नाही. म्हणून परातीत मीठ फुटत नाही; शब्द खरा, फक्त जागा वेगळी.

‘पिकलं’ लिहिणारी मुलगीही बरोबर आहे, पण ती पूर्ण खटाटोपाचं नाव सांगते आहे. मिठागरात वाफे असतात. पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात घेत घेत घट्ट करायचं, ऊन-वारा साधायचा आणि पावसाच्या आत मीठ ओढून घ्यायचं. माणूस राखतो म्हणून ते पीक. यातली चतुराई वेळेची आहे. समुद्राचं पाणी आटताना आधी चुनखडीचा क्षार खाली बसतो, मग जिप्सम, आणि पाणी जवळजवळ एक दशांशावर आलं की खाण्याचं मीठ. मॅग्नेशियमचे कडवट क्षार शेवटच्या पाण्यात राहतात, ते पाणी काढून टाकायचं असतं. मुलांना ‘आम्ही मीठ पिकवलं’ असं जरूर म्हणू द्या.

विदर्भात समुद्र नाही, तरी इथे मीठ झालेलं आहे. १९३० च्या सत्याग्रहात अकोला जिल्ह्यातल्या दहीहंड्याला खाऱ्या विहिरीच्या पाण्यापासून मीठ करून कायदा मोडला होता. हा प्रयोग करताना मुलांना ते नक्की सांगा. लोणारच्या सरोवरातूनही पूर्वी क्षार काढत आणि त्यांना दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशी वेगवेगळी नावं होती. सगळ्यांना सरसकट ‘स्फटिक’ म्हणून ती माणसं थांबली नव्हती.

मग परातीत दाणा दिसला त्या क्षणाचं क्रियापद कोणतं? माझं मत ‘धरणे’. तूप कणी धरतं, मध रवा धरतो, पऱ्हाटी बोंडं धरते. तसंच पाण्याने खडा धरला. या शब्दात जे आहे तेच तिथे घडतं. पाण्यात मावेल त्याहून जास्त मीठ झालं की कुठेतरी पहिला बारीक कण जमतो आणि पुढचं मीठ त्याच्याच अंगावर थरावर थर बसत जातं. पाणी सावकाश आटलं तर थोड्या कणांना भरपूर मीठ मिळतं आणि खडा मोठा होतो. चुलीवर भराभर आटवलं तर एकदम असंख्य कण धरतात आणि मीठ बारीक येतं.

हे बघायला मात्र शेवटी हजर राहावं लागतं. समजा लिटरभर पाण्यात ३ ग्रॅम मीठ आहे. तेवढं मीठ ८-९ ग्रॅम पाण्यातही विरघळलेलं राहू शकतं. म्हणजे जवळजवळ सगळं लिटर आटून तळाशी दोन चमचे पाणी उरेपर्यंत मिठाचा दाणा दिसणारच नाही. त्याआधी कडेला जो धुरकट पांढरा पट्टा येतो तो बहुतेक चुन्याचा. त्याला ‘खार धरला’ म्हणा. शेवटच्या दोन चमच्यांत भिंग धरलं तर चौकोनी ठोकळे दिसतील. काही दाणे पाण्यावर तरंगताना सापडतील, त्यांच्या कडा भराभर वाढलेल्या आणि मधला भाग पायऱ्यापायऱ्यांनी खोल गेलेला. विहिरीच्या पाण्यात ठोकळे नीट दिसले नाहीत, तर शेजारी दुसऱ्या ताटलीत साध्या मिठाचं घट्ट पाणी ठेवा.

‘विरघळणे’च्या उलट एकच शब्द मागाल तर पुस्तकी भाषेत ‘स्फटिकीभवन’ आहे, परीक्षेत तोच लिहावा. बोलीत मीठ मातीतून आलं तर फुटतं, भांड्यात धरतं, वाफ्यात पिकतं. परातीतला थर आता खरवडून एका बाटलीत ठेवा. श्रावणात तो ओलसर होईल, कारण त्यातले मॅग्नेशियमचे क्षार हवेतली ओल ओढतात. त्या वेळी वहीत लिहायचं वाक्य ‘मिठाला पाणी सुटलं’.